दहा माणसांचा हिशेब

ठाण्यात टेंभीनाक्याजवळचं ‘शार हाशामाईम’ सिनेगॉग १८७९ सालचं आहे. नवरात्रात त्या नाक्यावरच्या गर्दीतून वाट काढणाऱ्या किती ठाणेकरांना ते ठाऊक असतं, कोण जाणे. देशातले बेने इस्रायल ज्यू आज मोठ्या संख्येने ठाण्यात आणि आसपास राहतात. माझगाव, भायखळा, डोंगरीतली जागा परवडेना, तशी मध्यमवर्गीय कुटुंबं रेल्वेच्या कडेकडेने इकडे सरकली. त्यांचे बरेच आप्त तोवर इस्रायलला पोहोचले होते. १९४८च्या सुमारास हा समाज वीस हजारांच्या घरात होता. २०११च्या जनगणनेत देशातले सगळे ज्यू मिळून साडेचार हजारांच्या आसपास भरले.

अशा समाजाला आधार म्हणजे काय? पैसा, हे उत्तर चटकन सुचतं आणि ते अर्धंच खरं असतं. पैशाचे मार्ग बऱ्यापैकी जुने आहेत. अमेरिकी ज्यूंची ‘जॉइंट’ ही संस्था १९६०च्या दशकापासून मुंबई परिसरातल्या गरजू वृद्धांना मदत करते, ‘ओआरटी’ या ज्यू संस्थेने तरुणांना हातातलं कौशल्य दिलं. त्याआधीची पिढीही कुणाच्या तोंडाकडे बघत बसली नव्हती. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८७५ साली मुंबईत समाजातल्या मुलांसाठी शाळा काढली, १९१३ साली स्त्री मंडळ उभं राहिलं. केहिमकरांची शाळा पुढे सर एली कदुरी यांच्या नावाने माझगावात नांदली आणि अजूनही भरते. वर्गात बसणारी मुलं मात्र बहुतेक बिगर-ज्यू.

म्हणजे इमारती टिकल्या. तुटवडा आहे तो माणसांचा, आणि ज्यू धर्मात त्याचा हिशेब फार रोखठोक आहे. सामुदायिक प्रार्थनेला परंपरेने दहा प्रौढ पुरुष लागतात. नऊ जमले तर गेलेल्या माणसासाठी म्हणायचं ‘कद्दीश’ होत नाही. घरात मृत्यू झाला की दफन शक्य तितक्या लवकर करायचं. पुरुषाला पुरुषांनी आणि बाईला बायकांनी स्नान घालायचं, पांढरं कफन चढवायचं. हे काम जाणणारे हात फोन केल्यावर तासाभरात पोहोचणं, ही डोंबिवलीसारख्या दूरच्या उपनगरातल्या ज्यू कुटुंबाची खरी गरज. कुठल्याही देणगीच्या धनादेशाने ती भागत नाही.

त्यात शब्बाथ. शनिवारी वाहनात बसू नये, असा कडक नियम आहे. डोंबिवलीहून ठाण्याला चालत यायचं तर पंधराएक किलोमीटर आणि कल्याणहून आणखी जास्त. नियम काटेकोर पाळणारा घरीच राहतो, लोकल पकडणारा प्रार्थनेला पोहोचतो. दहाचा आकडा पुरा होतो तो अशा पोहोचणाऱ्यांमुळे, हे धर्मपंडितांना कितीही अवघड वाटो. पिढ्यान् पिढ्या रब्बीशिवाय, प्रार्थना चालवणाऱ्या हज्जानच्या भरवशावर चाललेल्या समाजाला ही तडजोड नवी नाही.

म्हणूनच दूरच्या उपनगरांत घरगुती मलिद्याचं महत्त्व वाढतं. गोड पोहे, खोबरं, फळं यांचं ताट मांडून एलियाहू हनाबीचं, म्हणजे प्रेषित एलियाचं, स्मरण करायला सिनेगॉग लागत नाही. लग्नाआधी, नव्या घरात, नवस फेडताना माणसं एका खोलीत जमतात, आणि कोण आजारी आहे, कोणाची मुलगी बारावीला आहे, हे तिथेच कळतं. समाजसेवेचं सर्वांत उपयोगी कार्यालय बहुधा हेच असावं.

या आधारात सरकारचा वाटाही आहे. महाराष्ट्राने २०१६मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. केंद्राच्या यादीत मात्र मुस्लिम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध, पारशी आणि २०१४पासून जैन असे सहाच समुदाय आहेत. पारशांची घटती संख्या पाहून केंद्राने २०१३मध्ये ‘जिओ पारसी’ योजना आणली. त्यांच्याहून कितीतरी पट लहान असलेला हा समाज त्या यादीतच नाही. कल्याणच्या ज्यू मुलीला राज्याच्या योजनेत अल्पसंख्याक म्हणून अर्ज करता येतो, दिल्लीच्या अर्जावर तिच्या धर्माचा रकानाच सापडत नाही.