आजचं चिंतन : गीता, अध्याय 2, श्लोक 14



मुंबई सिटीची मॅच एफसी गोवाशी, मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर असली की आम्ही रात्रीच्या गाडीने निघतो. तिकीट आरएसी, म्हणजे एका बर्थवर दोघं. कोकणचा मार्ग बहुतेक एकेरी, त्यामुळे क्रॉसिंगला थांबणं आलंच. जाताना कोणी कुरकुरत नाही. हरून परतताना मात्र तोच बर्थ टोचतो.

भगवंत अर्जुनाला सांगतात, थंडी-ऊन, सुख-दुःख येतात तसे जातात, ते सोस. बघा ना, बर्थ तोच, रात्र तेवढीच. बदलला फक्त स्कोअर. जाताना सोसायला लावते ती आशा. तितिक्षेची खरी परीक्षा परतीच्या गाडीत.

आज एखादी गोष्ट मनासारखी झाली नाही, तरी शेजाऱ्यासाठी थोडं सरकून बसूया.

राम कृष्ण हरी!