आधी नळ मोज

दहा लिटरचा गॅस गीझर घेणार म्हणतोस. का? तर घरातला सहाचा कमी पडतो, पाणी कोमट येतं. कमी पडतो हे कुणी ठरवलं? दुर्गदबैल बाजारातल्या दुकानदारानं. त्यानं तुमची न्हाणी पाहिली? टाकी पाहिली? नळाखाली बादली लावून पाहिली? ज्यानं यातलं काही पाहिलं नाही त्याच्या शब्दावर तू पैसे मोजायला निघालास. आणि बादली, नळ, घड्याळ, तिन्ही तुझ्याच घरात पडून आहेत!

कपड्याच्या दुकानात मीटरमागे पाच पैशांचा फरक तू झोपेतही पकडतोस. दहावीत माझ्या वर्गात उष्णतेची गणितं फळ्यावर तू सोडवायचास आणि बाकीचे उतरवून घ्यायचे. म्हणून तर चीड येते. ज्याला येत नाही त्याला शिकवता येतं. ज्याला येतं आणि तरी जो करत नाही, त्याचं काय करायचं?

आता नीट ऐक. गीझरवर लिहिलेले 6 लिटर म्हणजे साठा नव्हे. मिनिटाला 6 लिटर पाणी सुमारे 25 अंशांनी तापवायची ती ताकद आहे. 6 गुणिले 25, म्हणजे मिनिटाला 150 किलोकॅलरी. विजेच्या हिशेबात साडेदहा किलोवॅट. घरी घेतात तो विजेचा टाकीवाला गीझर बहुधा 2 किलोवॅटचा असतो, त्याच्या पाचपट. ही ताकद तुला कमी पडते?

तुझा नळ किती देतो? ठाऊक नाही. टाकी न्हाणीच्या छतावरच, गीझरच्या जेमतेम 2 मीटर वर. 10 मीटर उंचीला चौरस सेंटीमीटरमागे 1 किलो दाब मिळतो. तुला मिळतो त्याचा पाचवा हिस्सा. 15 लिटरची बादली भरायला 3 मिनिटं लागत असतील तर मिनिटाला 5 लिटर झाले. टाकीतलं पाणी 20 अंशांवर धर, आंघोळीला 42 पुरे. 5 गुणिले 22, म्हणजे 110. गीझर 150 देऊ शकतो, तुझा नळ मागतो 110. कमी कोण पडतंय रे? दहाचा आणलास तरी नळ पाचच देणार. उलट मोठ्या गीझरला पेट घ्यायला जेवढा प्रवाह लागतो तेवढा मिळाला नाही, तर तो पेटेल आणि विझेल, पेटेल आणि विझेल. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

लंडनच्या मेहुण्याचं मला सांगू नकोस. तिथल्या बॉयलरला नळाच्या पाण्याबरोबर सगळ्या खोल्या तापवायच्या असतात. थंडीत तिथलं पाणी 5 ते 10 अंशांवर घरात येतं. त्याच्याकडे 24 किलोवॅटचा बॉयलर असेल, पण तो बसवणारा आधी भिंती, खिडक्या आणि नळ मोजतो. मेहुण्याकडून आकडा घेतलास. मोजायची सवय का नाही घेतलीस?

मग पाणी कोमट का येतं? हे तू एकदा तरी शोधलंस? महापालिकेचं पाणी रोज येत नाही म्हणून टाकीत बोअरचं चढवतोस. ते जड पाणी. त्याचे क्षार तांब्याच्या नळीत आतून चिकटतात, उष्णता पाण्यापर्यंत पोचू देत नाहीत. पाणी आत शिरतं तिथे एक जाळी असते. ती शेवटची कधी धुतलीस? बर्नर कधी साफ केलास? ज्योत निळी आहे की पिवळी, हे तरी वाकून पाहिलंस? बसवल्या दिवसापासून हात लावला नाही आणि म्हणे गीझर लहान! लहान नाही, आजारी आहे. आणि गॅस वाचेल हेही मनातून काढून टाक. एक बादली तेवढीच तापवायला गॅस तेवढाच लागतो, गीझर सहाचा असो की दहाचा.

इथवर पैशांची गोष्ट होती. आता जिवाची.

सहा लिटरचा गीझर पूर्ण ताकदीनं चालला तर तासाला साधारण 1 किलो गॅस जाळतो. 1 किलो गॅसला सुमारे 12 घनमीटर हवा लागते. तुमची न्हाणी 5 फूट बाय 4 फूट, उंची 8. साडेचार घनमीटर. दहा मिनिटांत गीझर 2 घनमीटर हवा खातो, म्हणजे जवळजवळ निम्मी न्हाणी. दहा लिटरचा बसवलास तर त्याच दहा मिनिटांत सव्वातीन घनमीटर. फटीतून थोडी हवा येत असेलही, पण तू झरोका पुठ्ठ्यानं बंद केलास. थंडी वाजते म्हणून. बोळातून दिसतं म्हणून. जाळी बसवता आली नसती?

हवा पुरली नाही की कार्बन मोनॉक्साईड होतो. नववीत शिकवला होता. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा 200 पटींहून जास्त घट्ट धरतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरच्या गॅसला वास मुद्दाम घातलेला असतो, गळती कळावी म्हणून. या विषाला तो नाही. तुमच्याच घरात तांब्याचा बंब होता ना? धूर व्हायचा, डोळे चुरचुरायचे, म्हणून आजी दार सताड उघडं टाकायची. डोळ्यांना दिसलं की माणूस शहाणा होतो. तुला न दिसणारंही शिकवलं होतं मी. ते कुठे गेलं?

सूनबाई म्हणते, आंघोळीनंतर डोकं धरतं, मळमळतं, पाय गळाल्यासारखे होतात. अंगणात येऊन बसलं की उतरतं. आणि तू म्हणतोस पित्त! अंगणात बसल्यानं उतरणारं पित्त कुठे पाहिलंस? गॅस गीझर सिंड्रोम असं नाव देऊन आपल्याकडच्या डॉक्टरांनी हे लिहून ठेवलंय. न्हाणीत बेशुद्ध पडलेल्या माणसाला फिट आली असं समजून भलतेच उपचार झाल्याची उदाहरणं आहेत. आत गेल्यावर ती कडी लावते. पडली तर दार कोण उघडणार? एवढी वर्षं काही झालं नाही, हे वाक्य माझ्यासमोर पुन्हा उच्चारू नकोस. सगळे पाठोपाठ आंघोळ करता. पहिल्याला काही होत नाही. शेवटी आई जाते.

खरेदी रद्द कर. आहे तोच सहाचा साफ करून घे आणि मागच्या अंगणात, मोकळ्या हवेत, छपराखाली बसव. आत फक्त गरम पाण्याची नळी येऊ दे. पाइपचा गॅस घेणार असशील तर आधी त्या गीझरला तो चालतो का ते विचार. सिलिंडरच्या गॅसचा जेट पाइपच्या गॅसला चालत नाही, आणि तो बदलायचं काम जाणत्या माणसाचं, तुझ्या पान्याचं नव्हे.

मिस्त्री येईपर्यंत पुठ्ठा काढ. दार उघडं ठेवून बादल्या भरायच्या, गीझर बंद करायचा, न्हाणीतली हवा पाच-दहा मिनिटं जाऊ द्यायची, मगच आत जायचं. आज कुणाला चक्कर आली किंवा तसंच डोकं दुखलं तर त्याला आधी बाहेर मोकळ्यावर आण आणि थेट दवाखान्यात ने. डॉक्टरांना सांग, घरात गॅस गीझर आहे. आईला हे तू स्वतः समजाव, आत्ता.