स्वस्त तुपाचे मोल

माळावर चरलेल्या जनावराच्या मांसात, दाण्यावर पोसलेल्याच्या तुलनेत, ओमेगा-३ मेदाम्ले काहीशी अधिक असतात, हे खरे. तरीही चरबीला प्रमाणाची मर्यादा आहेच. परंतु अन्नाचा प्रश्न केवळ प्रकृतीचा नसतो, तो न्यायाचाही असतो.

१९३२ साली परळशेजारच्या शिवडीत वनस्पती तुपाचे उत्पादन सुरू झाले. १९३७ मध्ये ‘डालडा’ हे नाव आले. ज्या संसाराला साजूक तूप महाग पडे, त्याला हा स्वस्त पर्याय मिळाला. तेलात हायड्रोजन सोडून ते अर्धवट घट्ट करताना ट्रान्स फॅट निर्माण होते. ते हृदयाला घातक असल्याचे १९९० च्या दशकात स्पष्ट होत गेले. भारतात तेल-तुपातील त्याचे प्रमाण २ टक्क्यांवर आणणारा नियम मात्र २०२२ च्या जानेवारीत लागू झाला. अज्ञानाला क्षमा असते. पण कळल्यानंतरच्या विलंबाचा भार कोणी वाहिला? स्वस्तावाचून ज्याला गत्यंतर नव्हते, त्यानेच.

आज कुरणावरचे मांस आणि साजूक तूप ऐपतदारांचे पथ्य होऊ पाहत आहे. ते त्यांनी खुशाल पाळावे. मात्र गरजूंसाठी शिधा बांधताना वा सणाचे जेवण रांधताना आपण कोणता डबा उचलतो, हे प्रत्येक कुटुंबाने पाहावे. आपल्या मुलांच्या ताटात जे वाढणार नाही, ते दान म्हणून देऊ नये.