मनातला पसारा आणि समोरचं मूल

आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक ३५

आपल्यापैकी बरेच जण शिक्षक आहेत. फळ्यावर गणित चालू असतं आणि डोक्यात यू-डायसची माहिती, पोषण आहाराची नोंद, पालकांच्या ग्रुपवरचा मेसेज. मग प्रश्न पडतो : हे सगळं मनातून बाजूला ठेवलं, तर कर्तव्यात कसूर होईल का?

मन वाऱ्यासारखं आवरत नाही, ही अर्जुनाची तक्रार. भगवंत त्याला रागावत नाहीत. आधी त्याचं म्हणणं मान्य करतात, मग दोन उपाय सांगतात : अभ्यास आणि वैराग्य.

वैराग्य म्हणजे काम सोडणं नव्हे. चिंता वाहणं वेगळं, काळजी घेणं वेगळं. चिंता करून एकही नोंद पूर्ण होत नाही. उलट हात वर करून बसलेलं समोरचं मूल दिसेनासं होतं. खरी कसूर ती!

म्हणून तासाआधी राहिलेली कामं वहीत लिहा, वही मिटा, एकदा नाम घ्या आणि वर्गात जा. मन पुन्हा पळेल. पळू दे, पुन्हा आणा. हाच अभ्यास.

जय श्रीकृष्ण!