योगक्षेम: हे ओझं नक्की कुणाचं?



आजचं चिंतन गीतेच्या नवव्या अध्यायातल्या २२व्या श्लोकावर. श्लोकाचा भाव आपल्याला ओळखीचा आहे: अनन्य होऊन जे भगवंताचं चिंतन करतात, त्यांचा योगक्षेम तो स्वतः वाहतो. एलआयसीच्या बोधचिन्हातली ज्योत आणि तिला जपणारे दोन हात आठवतात ना? त्याखालचे संस्कृत शब्द याच श्लोकातले आहेत. म्हणजे आईबाबांच्या कपाटातल्या पॉलिसीच्या फाईलमधून गीता आपल्या घरी कधीचीच आलेली आहे.

पण योगक्षेम म्हणजे काय? शंकराचार्य भाष्यात दोन शब्द वेगळे करून सांगतात. जे मिळालेलं नाही ते मिळणं म्हणजे योग. जे मिळालंय ते टिकणं म्हणजे क्षेम.

आता आपली कुठलीही काळजी घ्या आणि या दोन खान्यांत टाकून बघा. प्रमोशन मिळेल का, लग्न जमेल का, व्हिसा येईल का, ही योगाची काळजी. नोकरी राहील का, बाबांचे रिपोर्ट नीट येतील ना, ही क्षेमाची. तिसरा खाना लागतच नाही!

माझंच सांगतो. आमच्या ऑफिसात गेले तीन आठवडे माणसं कमी करण्याची चर्चा आहे. यादीत माझं नाव आहे की नाही, अजून कळलेलं नाही. घराच्या कर्जाचे १६ वर्षांचे हप्ते बाकी आहेत, मुलगी अडीच वर्षांची आहे. त्यामुळे हा श्लोक सध्या मी जरा जपूनच वाचतोय.

गंमत बघा, दुसऱ्या अध्यायात (श्लोक ४५) भगवंत अर्जुनाला योगक्षेमातून मोकळा हो असं सांगतात. तेवढंच वाचलं तर वाटतं, बोलायला सोपं आहे, पण ओझं ठेवू कुठे? नवव्या अध्यायात त्याचं उत्तर येतं: माझ्याकडे दे. सोडणं म्हणजे रस्त्यात टाकून देणं नव्हे, सोपवणं. आपल्याकडे ऑन-कॉलची पाळी संपली की हँडओव्हर करतो, तसं. पण हँडओव्हर करूनही रात्री दोनला उठून डॅशबोर्ड बघणारे असतातच. देवाच्या बाबतीत आपण बहुतेक सगळे त्यातलेच.

मग श्रद्धा ठेवली की नोकरी जाणारच नाही, असं आहे का? मला श्लोकात तशी हमी दिसत नाही. तुकोबांचंच बघा ना. दुष्काळ पडला, व्यापाराचं दिवाळं निघालं, पहिली पत्नी अन्नावाचून गेली. त्यांची भक्ती कमी पडली असं म्हणायची कुणाची हिंमत आहे? मग त्यांचा कुठला योगक्षेम वाहिला गेला?

इथे माऊली हात धरतात. या श्लोकावरच्या ओव्यांत ते आईचा दृष्टांत देतात. आई आपली तहानभूक विसरते आणि तान्ह्याच्या हिताचं तेवढं करते. पुढे ते म्हणतात की भक्ताला एकरूप व्हायची ओढ असेल तर देव ते देतो, सेवा हवी असेल तर प्रेम देतो, आणि दिलेलं राखतोही. म्हणजे अनन्य भक्ताने मिळवायचा तो देवच आणि टिकवायचं ते त्याच्यावरचं प्रेम. तुकोबांचं बाकी बरंच गेलं, पण हे गेलं नाही. आज साडेतीनशेहून अधिक वर्षांनीही आपण त्यावर जगतोय.

याचा अर्थ हातावर हात ठेवून बसायचं असा नाही हं. मी बायोडेटा अद्ययावत केलाय, दोन मित्रांशी बोललोय. तेवढं माझं काम. नाव यादीत असेल की नसेल, हे माझं काम नाही.

आणि मन रिकामं राहत नाही, हे गीतेला पक्कं ठाऊक आहे. चिंता आणि चिंतन, दोन्ही एकाच धातूतून आलेले शब्द. काळजी करणाऱ्याची एकाग्रता तर जबरदस्त असते. तासन्‌तास एकाच विषयावर फिरतो तो! तेच फिरणं ठेवायचं, फक्त मधला खांब बदलायचा.

आजचा अभ्यास: झोपण्यापूर्वी वहीत दोन रकाने करा, योग आणि क्षेम. मनात जे घोळतंय ते त्यात लिहा. प्रत्येकापुढे उद्या करण्याजोगं एकच काम लिहा. काही करण्याजोगं नसेल तर तिथे नुसतं ‘विठ्ठल’ लिहा. वही मिटा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि एक माळ जप करा.

माझ्या वहीत काल चार ठिकाणी ‘विठ्ठल’ आला. झोप मात्र बरी लागली.

राम कृष्ण हरी! 🙏