मुलाच्या हाती पहिले शस्त्र

तंजावरहून कुंभकोणमकडे जाताना वाटेत पापनाशम लागते. गावातल्या रामलिंगस्वामी मंदिरात १०८ शिवलिंगे आहेत. स्थानिक कथा अशी की लंकेहून परतताना रामाला जाणवले, खर आणि दूषण यांना मारल्याचा दोष अजून आपल्या मागे आहे. म्हणून तो इथे थांबला, त्याने लिंगे स्थापली आणि पूजा केली. गावाचे नाव त्यावरूनच पडले, असे सांगतात. कथेतली एक गोष्ट सहज नजरेआड होते. खर-दूषण स्वतः अंगावर चालून आले होते. रामाची बाजू न्यायाची होती, हात सरावलेला होता आणि नेम चुकला नव्हता. तरीही धुवायचे काहीतरी उरलेच. शस्त्र योग्य कारणासाठी चालवले, एवढ्याने चालवणारा मोकळा होत नाही, असे ही कथा मानते.

ही समज जवळ ठेवून एक प्रश्न विचारायचा आहे. लहान मुलाला बंदूक चालवायला शिकवायची, तर पहिली बंदूक कोणती द्यावी?

आपल्याकडे हा प्रश्न क्वचितच कोणाला पडतो. अमेरिकेत मात्र तो घरगुती प्रश्न आहे, आणि तिथे स्थायिक झालेल्या मराठी घरापर्यंतही तो शेजाऱ्यांकडून किंवा मुलाच्या मित्रांकडून पोचू शकतो. त्याची व्यवहारी उत्तरे तयार असतात. रायफल .२२ बोअरची असावी, एका वेळी एकच गोळी भरता येणारी असावी, दस्ता आखूड आणि वजन कमी असावे. धक्का सौम्य बसला की मूल दचकत नाही. एकेक गोळी भरावी लागली की दर वेळी थांबावे लागते. यातले एकही कारण चुकीचे नाही.

मात्र ही सगळी कारणे मुलाच्या खांद्याकडे पाहून दिलेली आहेत. .२२ची गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची असते, पण ती दीड किलोमीटरच्याही पुढे जाऊ शकते. कावेरीच्या या सपाट भातखाचरांत तिला अडवायला बांधाखेरीज काही नाही. जी खांद्याला लहान वाटते ती समोरच्याच्या छातीला लहान नसते. २०१३ साली केंटकी राज्यात पाच वर्षांच्या एका मुलाच्या हातून गोळी सुटली आणि त्याची दोन वर्षांची बहीण गेली. रायफल .२२ बोअरचीच होती, खास मुलांसाठी बनवलेली होती आणि त्याला भेट म्हणून मिळाली होती. ‘माझी पहिली रायफल’ अशा अर्थाच्या शब्दांत तिची जाहिरात होत असे.

एका दुर्घटनेवरून निकाल देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण दुसरी बाजूही नीट ऐकली पाहिजे. ज्या घरात बंदूक आहे त्या घरात ती लपवल्याने कुतूहल मरत नाही, उलट वाढते. म्हणून शिकवलेले मूल न शिकवलेल्या मुलापेक्षा सुरक्षित, असे ही बाजू म्हणते. शिवाय बंदुकीमुळे शिस्त येते, हेही खोटे नाही. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेला त्याच्या शिक्षक वडिलांनी २००९ साली महाराष्ट्र शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत घातले. पुढे १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले, ते याच .२२ बोअरच्या रायफलीने. त्या लक्ष्यातले दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. पन्नास मीटरवरून ते वर्तुळ गाठायला मन किती शांत लागत असेल, याचा अंदाज आपण करू शकतो.

जिथे कावेरी उगम पावते त्या कोडगूत तर ही गोष्ट परंपरेचीच आहे. तिथल्या कोडव समाजाला ब्रिटिश काळापासून शस्त्रपरवान्यातून सूट आहे. मुलगा जन्मला की एरंडाच्या काडीचे इवलेसे धनुष्य आणि बाण त्याच्या हाती देण्याची रीत आहे. कैलपोळ्द या सणाला घरातल्या बंदुका पुसून, कळलावीची फुले वाहून पूजेत ठेवतात. तिथे शस्त्र एकट्या मुलाचे नसते, घराचे असते, आणि घरातली वडीलधारी माणसे त्याच्याभोवती असतात. जन्मतः हाती येते ते धनुष्य तर कोणालाही लागण्यासारखे नसते.

म्हणजे खरा वाद शिकवण्याबद्दल नाही. तो देण्याबद्दल आहे. शस्त्र वापरायला शिकवणे आणि शस्त्र ‘तुझे’ म्हणून हाती ठेवणे, या दोन गोष्टी आपण एकच समजतो.

महाभारतात याचे कठोर उदाहरण आहे. ब्रह्मशिर अस्त्र द्रोणाने आनंदाने दिले ते अर्जुनाला. अश्वत्थामा त्याचा एकुलता मुलगा. त्यानेही ते मागितले. मुलाचा स्वभाव चंचल आहे, हे बापाला ठाऊक होते. मनाविरुद्ध त्याने ते दिले आणि बजावले, कितीही संकट आले तरी, विशेषतः माणसांवर, हे सोडू नकोस. पुढे काय झाले ते सौप्तिक पर्वात आहे. अश्वत्थाम्याने ते सोडले. अर्जुनानेही उलट सोडले, पण ऋषींनी मध्ये येऊन सांगताच परत घेतले. अश्वत्थाम्याला परत घेता येईना, आणि शेवटी त्याने ते पांडवांच्या स्त्रियांच्या गर्भांवर वळवले. ही कथा आपण अश्वत्थाम्याच्या पापाची म्हणून वाचतो. ती द्रोणाचीही आहे. ताकीद देऊन शस्त्र दिले म्हणजे आपली जबाबदारी संपली, असे त्या बापाला वाटले असेल का?

‘मुलाने गोळी झाडली’ या वाक्यात व्याकरणाने मूल कर्ता आहे आणि बंदूक करण. कायदा इतक्या सहज तसे मानत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम २० प्रमाणे सात वर्षांखालच्या मुलाचे कोणतेही कृत्य गुन्हा ठरत नाही. कलम २१ प्रमाणे सात ते बारा या वयातल्या मुलाची समज पुरेशी पक्व नसेल तर त्याचेही नाही. १८६० च्या दंडसंहितेतही हेच होते. दुसरीकडे, २०१६ चे शस्त्र नियम बारा वर्षांखालच्या मुलाला प्रशिक्षणासाठीही बंदूक हाताळू देत नाहीत. बारा ते एकवीस या वयात ती प्रौढ प्रशिक्षकाच्या किंवा परवानाधारकाच्या थेट देखरेखीखाली हाताळता येते, आणि परवाना मिळायला एकवीस वर्षे पूर्ण व्हावी लागतात. दोन वेगळे कायदे बाराव्या वर्षापाशी येऊन भेटतात. ज्याच्यावर दोष ठेवता येत नाही त्याच्या हाती दोष घडवणारे साधन देऊ नये, असा त्यांचा एकत्रित अर्थ मी लावतो. तरीही कोणी ते दिलेच, तर त्या वाक्यातला खरा कर्ता देणारा आहे.

यावर एक वजनदार आक्षेप येईल. जबाबदारी टाकल्याशिवाय मूल जबाबदार कसे होणार? हे खरे आहे. पण जबाबदारी अंगी येते ती चुकांमधून, आणि त्या चुका दुरुस्त होण्याजोग्या असाव्या लागतात. वासराला पाणी पाजायला विसरलेले मूल संध्याकाळी ते पाजू शकते. सायकलवरून पडलेले मूल खरचटलेला गुडघा घेऊन पुन्हा चढते. बंदुकीची पहिलीच चूक शेवटची ठरू शकते. शिकायला चुकण्याची मुभा लागते, आणि ही वस्तू नेमकी तीच मुभा देत नाही. तेव्हा जबाबदारी आधी दुसरीकडे शिकून यायला हवी. बंदुकीपाशी ती फक्त तपासली जावी.

मग पहिली बंदूक कोणती? माझे उत्तर : जी रिकामी आहे आणि मुलाची नाही. हे उत्तर नेमबाजीतूनच मिळते. मोठे नेमबाजही रिकाम्या रायफलीवर तासन्‌तास चाप ओढण्याचा सराव करतात. नळीत गोळी नाही हे दिसावे म्हणून रेंजवर रायफलीच्या चेंबरमध्ये भडक रंगाची सेफ्टी फ्लॅग घालून ठेवतात. ‘स्टॉप’ म्हटले की नेम जमत आलेला असला तरी थांबायचे असते. मूल बारा वर्षांचे झाले, त्याला ओढ असली, तर क्लबमधली एअर रायफल आहे, दहा मीटरवर अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका आहे, आणि शेजारी प्रशिक्षक उभा आहे. सराव संपला की रायफल कुलपात जाते आणि मूल रिकाम्या हाताने घरी येते. त्या रिकाम्या हातांची त्याला चुटपुट लागत असेल, तर तो अजून तयार नाही. ‘आज नको’ म्हटल्यावर जो रायफल खाली ठेवू शकतो, त्याला पुढचे शिकवावे. आणि ‘आज नको’ म्हणण्याचे बळ आधी बापाच्या अंगी हवे. द्रोणाला ते झाले नाही.

आमच्या या भागात नवरात्रातल्या आयुधपूजेला सुताराचा रंधा, दुकानाचा तराजू, मुलांची पुस्तके असे सारे देवापुढे ठेवतात आणि दिवसभर त्यांना हात लावत नाहीत. ज्याच्यावर पोट चालते तेही एक दिवस खाली ठेवायचे असते. दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला, लहान मुलांचा विद्यारंभ होतो. ताटात तांदूळ पसरतात, वडीलधारा माणूस मुलाचे बोट धरतो आणि पहिले अक्षर काढवून घेतो. ते वेडेवाकडे येते. मग तळहाताने तांदूळ सारखे करायचे आणि पुन्हा काढायचे. मुलाच्या हाती पहिल्यांदा काही द्यायचे, तर ते असे असावे.