पोकळीची भिंत

सच्छिद्र वस्तू म्हटली की आपलं लक्ष भोकांकडे जातं. जितकी भोकं जास्त तितकी वस्तू कामाची, असा समज. महाराष्ट्राच्या पायाखालचा खडकच तो खोटा ठरवतो. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा थिजताना त्यातले वायूचे बुडबुडे अडकले आणि त्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या. या पोकळ्या एकमेकींना मिळालेल्या नसतील, तर खडक दिसायला भोकाभोकांचा असूनही विहिरीला पाणी देत नाही. चिकणमाती पाणी भरपूर धरते, पण तिची छिद्रं इतकी बारीक की धरलेलं सहजी सोडत नाही. म्हणून पोकळी किती आहे यापेक्षा ती कुठे जाऊन मिळते आणि तिची भिंत कशी वागते, हे प्रश्न मला मोलाचे वाटतात.

लाव्ह्यातल्या त्याच पोकळ्यांत पुढे झिरपत्या पाण्यातून झिओलाइटचे स्फटिक वाढले. पुणे, नाशिक, जळगाव भागांतल्या खाणींतून निघालेलं स्टिल्बाइट आणि ह्युलँडाइट जगभरच्या संग्राहकांकडे आहे. पोकळीत वाढलेला हा स्फटिक आतून स्वतःही पोकळ असतो. त्याच्यात रेणूच्या मापाचे बोळ असतात. 1756 मध्ये स्वीडनच्या क्रोनस्टेट यांनी असं खनिज तापवलं, तेव्हा त्यातून वाफ उसळली. ते पाणी या बोळांतलं होतं.

2021 च्या कोविड साथीत घराघरांत ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आले. त्यांच्या पोटात कारखान्यात बनवलेला झिओलाइटच असतो. तिथे हवा गाळली जाते असं वाटतं, पण नायट्रोजन आणि ऑक्सिजनचे रेणू जवळजवळ एकाच मापाचे. दोन्ही त्या बोळांत शिरतात. निवड करते ती भिंत. तिच्यावरचे सोडियम किंवा लिथियमचे धनभारित आयन नायट्रोजनला अधिक जोराने ओढून घेतात. दाब वाढवला की नायट्रोजन धरला जातो आणि ऑक्सिजन पुढे निघतो. दाब उतरवला की नायट्रोजन सुटतो आणि झिओलाइट पुन्हा कामाला तयार. दोन नळकांडी आळीपाळीने हेच करतात, आणि हवेत 21 टक्के असणारा ऑक्सिजन 90 टक्क्यांच्या आसपास जातो. श्वासासाठी तडफडणाऱ्या माणसाला जे मिळालं, ते या भिंतीच्या ओढीमुळे.

अशी भिंत माणसाला मनाजोगती बांधता येईल का? 2025 चं रसायनशास्त्राचं नोबेल सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉब्सन आणि ओमर याघी यांना मिळालं, ते याच कामासाठी. धातूचे आयन सांध्यांच्या जागी आणि सेंद्रिय रेणू तुळयांच्या जागी ठेवून त्यांनी जाळीदार रचना उभारल्या. त्यांतल्या काहींच्या एका ग्रॅममध्ये काही हजार चौरस मीटर पृष्ठभाग मावतो. याघींच्या गटाने वाळवंटातल्या हवेतली रात्रीची वाफ अशा पदार्थात धरून दिवसा तिचं पाणी करून दाखवलं.

मात्र भिंतीची ओढ आपल्या सोयीपुरती नसते. कॉन्सन्ट्रेटरमधला झिओलाइट नायट्रोजनपेक्षा पाण्याला कितीतरी घट्ट धरतो. कोकणच्या पावसाळ्यात महिनोन्महिने न वापरता ठेवलेल्या यंत्रात ओल शिरली, तर झिओलाइटचे बोळ पाण्यानेच अडतात. यंत्र सुरू होतं, हवाही सोडतं. फक्त त्या हवेत पुरेसा ऑक्सिजन नसतो, आणि हे डोळ्यांना दिसत नाही. साथीत आलेली ही यंत्रं झाकून न ठेवता अधूनमधून चालवली पाहिजेत. बाहेर पडणाऱ्या हवेतला ऑक्सिजन मोजणारं छोटं उपकरण मिळतं. ते प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात असावं आणि रुग्णाला नळी लावण्याआधी वापरलं जावं, असं मला कळकळीने वाटतं.